१९५४ : अमेरिकी कॉमिक्सवर मोहोर बसली ते वर्ष

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा एखाद्या रद्दीच्या दुकानात जुनी अमेरिकी कॉमिक्स ज्यांनी कधी काळी चाळली असतील, त्यांना मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यातले एक चिन्ह आठवत असेल. टपाल तिकिटासारख्या कातरी कडांची छोटी पांढरी चौकट, तिच्यात ठसठशीत ‘ए’ हे अक्षर आणि त्याभोवती ‘कॉमिक्स कोड ऑथॉरिटीची मान्यता’ अशा अर्थाचे बारीक शब्द. सुपरमॅन असो, आर्ची असो वा स्पायडरमॅन, हे चिन्ह सगळीकडे सारखेच असे. सिनेमाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना तो सरकारी शिक्का वाटावा, हे साहजिकच होते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या कोणत्याही सरकारने तो कधी मारला नाही. कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःहून स्वतःच्याच मालावर मारून घेतलेली ती मोहोर होती आणि तिचा जन्म १९५४ सालचा. त्या वर्षाची गोष्ट सांगताना सहसा एक डॉक्टर आणि एक प्रकाशक यांच्यातली झुंज म्हणून सांगितली जाते. झुंज झाली हे खरे. पण निकाल लागला तो त्या दोघांच्याही मनाविरुद्ध, आणि तो लावला तिसऱ्यांनीच.

कॉमिक पुस्तकांचा धंदा तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. वर्तमानपत्रांतून आधीच छापून आलेल्या चित्रपट्ट्या एकत्र बांधून दहा सेंटांना विकण्याची कल्पना १९३३-३४ च्या सुमारास रुजली आणि ती रुजवणाऱ्यांत मॅक्स गेन्स हे गृहस्थ होते. त्यांच्या मुलाची गाठ पुढे पडणार आहे. १९३८ मध्ये सुपरमॅन आला आणि नव्या, केवळ कॉमिकसाठीच रचलेल्या कथांचे पेव फुटले. टीकाही लगोलग सुरू झाली. मे १९४० मध्ये ‘शिकागो डेली न्यूज’चे साहित्य संपादक स्टर्लिंग नॉर्थ यांनी या प्रकाराला राष्ट्रीय कलंक ठरवणारा लेख लिहिला आणि तो देशभर पुनर्मुद्रित झाला. परंतु त्या वेळचा आक्षेप मुख्यतः अभिरुचीचा होता. कागद हलका, रंग भडक, भाषा गावंढळ. मुलांचे डोळे आणि वाचनाची गोडी दोन्ही बिघडणार, असा साधारण सूर होता.

युद्धानंतर आक्षेपाची जात बदलली. सुपरहिरोंची लाट ओसरली आणि तिच्या जागी गुन्हेगारी कथा आल्या. १९४२ मध्ये सुरू झालेल्या ‘क्राइम डझ नॉट पे’ या मासिकाने हा मार्ग आखून दिला होता. शेवटच्या चौकटीत गुन्हेगार पकडला जाई, पण त्याआधीची सगळी पाने त्याच्या पराक्रमांनी भरलेली असत. १९४८ च्या शरदात आणि हिवाळ्यात वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावांत शाळकरी मुलांनी, शिक्षक-पालकांच्या संमतीने, घरोघरून कॉमिक्स गोळा करून त्यांची होळी केली. नाझींच्या ग्रंथहोळ्यांना तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. काहींनी ते बोलूनही दाखवले. तरीही होळ्या थांबल्या नाहीत.

त्याच १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विंटर्स विरुद्ध न्यूयॉर्क’ या खटल्यात रक्तपात आणि गुन्ह्यांच्या कथा छापणाऱ्या मासिकांवर बंदी घालणारे न्यूयॉर्कचे जुने कलम संदिग्ध असल्याच्या कारणावरून रद्द ठरवले. या निकालाचे महत्त्व पुढे सहा वर्षांनी कळले. कायद्याने कॉमिक्स बंद करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत तो आडवा येत राहिला. न्यूयॉर्कचे गव्हर्नर ड्यूई यांनी १९४९ आणि १९५२ मध्ये अशी विधेयके नामंजूर केली. प्रकाशकांनीही १९४८ मध्ये एक संघटना काढून सहा-कलमी नियमावली जाहीर केली होती, पण मोठे प्रकाशक तिच्यात टिकले नाहीत आणि उरलेले आपापल्या मुखपृष्ठांवर स्वतःच शिक्का उठवू लागले, तेव्हा तिला कुणी विचारेनासे झाले. दरम्यान धंदा फुगतच होता. सेनेटच्या उपसमितीने नंतर नोंदवलेल्या आकड्यांनुसार १९४० मध्ये महिन्याला सरासरी १ कोटी ७० लाख प्रती खपत, त्या १९५३ मध्ये ६ कोटी ८० लाखांवर गेल्या. मासिकांची संख्या १९५० मधल्या सुमारे ३०० वरून तीन वर्षांत ६५० च्या पुढे गेली आणि उलाढाल ९ कोटी डॉलरच्या घरात पोचली. घरात दूरचित्रवाणी संच यायला नुकती सुरुवात झाली होती. मुलांच्या हातातले, त्यांच्या स्वतःच्या नाण्यांनी विकत घेतलेले आणि पालकांनी बहुधा कधीच न उघडलेले माध्यम म्हणजे कॉमिक. पालकांच्या धास्तीचे मूळ बऱ्याच अंशी या शेवटच्या गोष्टीत होते, असे मला वाटते.

आता डॉक्टर. फ्रेडरिक वर्थम हे जर्मनीत जन्मलेले आणि १९२२ साली अमेरिकेत आलेले मनोविकारतज्ज्ञ होते. कॉमिक्सच्या चाहत्यांनी त्यांची प्रतिमा पुढे एखाद्या खलनायकासारखी रंगवली, परंतु १९५४ च्या आधीचे त्यांचे काम तिच्यात बसत नाही. १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका चर्चच्या वास्तूतील तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केले. कृष्णवर्णीय रुग्णांना मनोविकारावरचे उपचार जवळजवळ दुर्लभ होते त्या काळात तिथे पंचवीस सेंटांत, आणि तेही नसतील तर फुकट, उपचार मिळत. डेलावेअर राज्यातील वर्णभेदी शाळांविरुद्धच्या खटल्यात त्यांनी मुलांची तपासणी करून साक्ष दिली. तो खटला ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या ऐतिहासिक प्रकरणात समाविष्ट झाला. त्याचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला, म्हणजे कॉमिक्सवरच्या सुनावणीच्या दोन सत्रांच्या मधोमध.

क्लिनिकमध्ये येणारी मुले भरपूर कॉमिक्स वाचतात, ही वर्थम यांची मूळ नोंद. ती खरीच होती, कारण तेव्हा क्लिनिकमध्ये न येणारी मुलेही तितकीच वाचत असत. १९४८ पासून त्यांनी लोकप्रिय मासिकांतून लिहायला सुरुवात केली आणि एप्रिल १९५४ मध्ये ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तळटीपा नव्हत्या, आकडेवारीही फारशी नव्हती. मुलांच्या तोंडचे उतारे आणि कॉमिक्समधून कापून काढलेली चित्रे मात्र होती आणि ती कुठल्याही आईबापाचे काळीज चरकवणारी होती. बॅटमॅन आणि रॉबिन यांच्या सहजीवनात समलैंगिकता दिसते, सुपरमॅन मुलांना बळाची पूजा शिकवतो, हे त्यांचे आरोप आज विनोद म्हणून सांगितले जातात. परंतु आफ्रिकेतल्या लोकांना रानटी दाखवणाऱ्या जंगलकथांमधल्या वर्णद्वेषावर त्यांनी त्याच पुस्तकात बोट ठेवले आहे, हे क्वचितच सांगितले जाते. त्यांची मागणीही सेन्सॉरशिपची नव्हती. पंधरा वर्षांखालील मुलांना गुन्हेगारी कॉमिक्स विकू नयेत असा सार्वजनिक आरोग्याचा कायदा हवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मोठ्यांनी काय वाचावे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

समोरच्या बाजूला होते विल्यम गेन्स. वडील मॅक्स १९४७ मध्ये लेक प्लॅसिड येथे नौका अपघातात वारले, तेव्हा मुलाच्या वाट्याला कर्जात रुतलेली एक प्रकाशनसंस्था आली. बायबलच्या चित्रकथा छापणाऱ्या त्या संस्थेचे नाव होते ‘एज्युकेशनल कॉमिक्स’. रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेल्या विल्यम यांनी आद्याक्षरे तीच ठेवून ‘एज्युकेशनल’चे ‘एंटरटेनिंग’ केले आणि १९५० पासून संपादक अल फेल्डस्टाइन यांच्या जोडीने ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’ ही भयकथांची तीन मासिके चालवली. प्रेते थडग्यातून उठत, खुन्याला त्याच्याच पद्धतीने मरण येई, आणि हे सगळे सांगणारा सूत्रधार मध्येच पांचट कोट्या करी. बीभत्स होतेच, पण चित्रकला त्या काळातली उत्तमांपैकी होती आणि ‘शॉक सस्पेन्सस्टोरीज’मध्ये जमावाच्या हत्या, यहुदीद्वेष, वर्णद्वेष यांवरच्या कथा येत. याच संस्थेतले हार्वी कर्ट्झमन यांच्या युद्धकथांत युद्धाचे कौतुक नसे. १९५२ मध्ये त्यांनीच ‘मॅड’ हे टवाळीचे मासिक सुरू केले. वर्णाच्या प्रश्नावर हार्लेमचे डॉक्टर आणि हे प्रकाशक एकाच बाजूचे होते. दोघांनाही ते कधी जाणवल्याचे दिसत नाही.

सेनेटच्या बालगुन्हेगारी उपसमितीने २१ आणि २२ एप्रिल आणि नंतर ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअर येथील न्यायालयीन इमारतीत सुनावण्या घेतल्या. अध्यक्ष न्यू जर्सीचे रॉबर्ट हेंड्रिक्सन होते, पण लोकांचे लक्ष टेनेसीच्या एस्टेस कीफॉव्हर यांच्याकडे असे. संघटित गुन्हेगारीवरच्या १९५०-५१ मधील त्यांच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवरून देशभर पाहिल्या गेल्या होत्या आणि अध्यक्षपदाची त्यांची महत्त्वाकांक्षाही लपलेली नव्हती. (वॉशिंग्टनमध्ये लष्कर विरुद्ध कम्युनिस्टांच्या मागे लागलेले सेनेटर मॅकार्थी हा प्रसिद्ध तमाशा २२ एप्रिललाच सुरू झाला. तो आठवडा सुनावण्यांचाच होता.)

पहिल्याच दिवशी आधी वर्थम बोलले. कॉमिक्सच्या धंद्यापुढे हिटलर नवशिका होता, कारण हे लोक मुलांना त्याहून लहान वयात गाठतात, असे ते म्हणून गेले. दाखला म्हणून त्यांनी गेन्स यांच्याच मासिकातली एक कथा घेतली आणि तिच्यात अल्पसंख्याकांविषयी अपशब्द वापरल्याचे सांगितले. कथा त्या द्वेषाच्या विरोधात होती, अपशब्द होते ते कथेतल्या खलपात्रांच्या तोंडी. गेन्स यांनी ते समितीपुढे सांगितले, पण कथेचा रोख समजून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते.

गेन्स स्वतः होऊन साक्षीला आले होते. त्यांचे वय होते बत्तीस. समितीच्या वकिलांनी त्यांना विचारले, की मुलांनी वाचावे अशा मजकुराला तुमच्या मते काही मर्यादा आहे की नाही. त्यांनी उत्तर दिले, की मर्यादा असलीच तर सुरुचीची. हे उत्तर त्यांना महागात पडले. कीफॉव्हर यांनी ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’चा बाविसावा अंक उचलून धरला. मुखपृष्ठ जॉनी क्रेग यांचे होते. पुरुषाचा चेहरा चौकटीबाहेर. एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरलेले बाईचे तोडलेले शिर, डोळे पांढरे झालेले, आणि मागे जमिनीवर पडलेल्या देहाचे पाय. हे सुरुचीला धरून आहे असे तुम्हाला वाटते का, या प्रश्नावर गेन्स म्हणाले, होय, भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे. मग न विचारताच त्यांनी खुलासाही केला : शिर आणखी थोडे वर धरले असते आणि तुटलेल्या मानेतून गळणारे रक्त दिसले असते, तर ते कुरुचीचे ठरले असते. तोंडातून तर रक्त येते आहे, असे कीफॉव्हर यांनी दाखवून दिले. ‘थोडेसे,’ गेन्स म्हणाले.

तर्काच्या दृष्टीने त्या उत्तरात चूक काहीच नव्हती. कलेत मर्यादा असते ती अशीच, इंच-दोन इंचांची. प्रत्येक चित्रकाराला ते ठाऊक असते. पण भर सुनावणीत ती इंच-दोन इंचांची रेषा मोजून दाखवणारा माणूस निर्ढावलेला वाटणारच. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही साक्ष पहिल्या पानावर छापली. त्याच सुनावणीत वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांचे नामवंत कलावंत, ‘पोगो’चे वॉल्ट केली आणि ‘स्टीव्ह कॅन्यन’चे मिल्टन कॅनिफ, हेही आले होते. त्यांनी आपले घराणे वेगळे, हे नम्रपणे सूचित केले आणि दहा सेंटांच्या पुस्तकांचा फारसा कैवार घेतला नाही. पंगतीतल्या मानाच्या पानावर बसलेल्यांनी खालच्या पानाकडे पाहावे तसे ते होते.

यानंतर कायदा झाला असेल, असे आज कुणालाही वाटेल. तो झाला नाही. मार्च १९५५ मध्ये आलेल्या उपसमितीच्या अंतरिम अहवालाने सरकारी सेन्सॉरशिप नाकारली आणि प्रकाशकांनी स्वतःच आपले घर झाडावे, असे सुचवले. तोवर घर झाडून झालेही होते.

गंमत अशी, की प्रकाशकांना एकत्र बोलावण्यात पुढाकार गेन्स यांचाच होता. सगळ्यांनी मिळून टीकेला तोंड द्यावे, कॉमिक्सच्या परिणामांचे निष्पक्ष संशोधन करवून घ्यावे, अशी त्यांची कल्पना होती. बैठक जमली तेव्हा बाकीच्यांना घाई वेगळ्याच गोष्टीची असल्याचे दिसून आले. मथळ्यांतून ‘हॉरर’, ‘टेरर’, ‘क्राइम’ हे शब्दच काढून टाकावेत, असा सूर निघाला. यांतले दोन शब्द तर गेन्स यांच्या सर्वाधिक खपाच्या मासिकांच्या नावांवर होते. आर्ची किंवा सुपरमॅन विकणाऱ्याला त्या शब्दांवाचून काडीचेही नुकसान नव्हते. गेन्स उठून गेले.

पुढचे सगळे भराभर घडले. १४ सप्टेंबरला गेन्स यांनी भयकथा आणि गुन्हेगारी कथांची आपली मासिके बंद करत असल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांनी ‘कॉमिक्स मॅगझिन असोसिएशन ऑफ अमेरिका’ या नव्या संघटनेने न्यूयॉर्कचे दंडाधिकारी चार्ल्स मर्फी यांची प्रशासक म्हणून नेमणूक घोषित केली. संघटनेचे अध्यक्ष होते ‘आर्ची’चे जॉन गोल्डवॉटर. २६ ऑक्टोबर १९५४ रोजी आचारसंहिता स्वीकारली गेली.

ती संहिता आज वाचताना हसू येते आणि थोडा धसकाही बसतो. प्रत्येक वेळी सत्याचा असत्यावर विजय व्हावा आणि गुन्हेगाराला शासन व्हावे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे चित्रण करू नये. मुखपृष्ठावर ‘क्राइम’ या शब्दाची अक्षरे बाकी शब्दांपेक्षा ठळकपणे मोठी नसावीत. चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच्चे, नरभक्षक आणि लांडगा होणारी माणसे वर्ज्य. घटस्फोटाची थट्टा नको आणि त्याची भलामणही नको. स्त्रियांच्या अवयवांची अतिशयोक्ती नको. आणि बोलीभाषा चालेल, पण शक्यतो व्याकरण शुद्ध असावे. वाचताना एखाद्या कडक मुख्याध्यापकाने फळ्यावर सूचना लिहाव्यात तसे वाटते.

मर्फी यांच्या कार्यालयात तपासनीस म्हणून स्त्रिया नेमल्या होत्या. छपाईपूर्वी मूळ रेखाटनांची पाने त्यांच्याकडे जात. त्या खुणा करत; प्रकाशक पांढऱ्या रंगाने खंजीर पुसत, गळे वर चढवत, दात बोथट करत आणि पान पुन्हा पाठवत. वर्षअखेरीस मर्फी यांनी वार्ताहरांना सांगितले, की आतापर्यंत १२६ कथा आणि ५,६५६ चित्रे नाकारली गेली आहेत.

पण हा शिक्का सरकारी नव्हता, तर त्याला मुकलेला प्रकाशक जगू का शकला नाही? याचे उत्तर वितरणाच्या पद्धतीत आहे आणि या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा तोच आहे. कॉमिक्स तेव्हा पुस्तकांच्या दुकानात विकली जात नसत. ती औषधांच्या दुकानात, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे आणि वृत्तपत्रांच्या ठेल्यावर मिळत, आणि प्रत्येक शहरातला घाऊक विक्रेता सगळी मासिके एका गठ्ठ्यात बांधून तिथे टाकी. व्यवहार परतीच्या बोलीवर होता. न खपलेल्या प्रतींचे पैसे प्रकाशकाला मिळत नसत. ठेलेवाल्याला गठ्ठ्यातले हवे ते निवडण्याची मुभा नसे, ही ठेलेवाल्यांची जुनीच तक्रार होती. आता घाऊकवाल्यालाच गावातल्या पालक संघटनांची आणि पाद्र्यांची कटकट नको झाली होती. मोहोर नसलेला गठ्ठा न सोडताच परत पाठवणे हा त्याच्या दृष्टीने सोपा आणि बिनखर्चाचा उपाय होता. कायद्याला न्यायालयात आव्हान देता आले असते, आणि ‘विंटर्स’चा निकाल पाहता ते टिकलेही असते. घाऊकवाल्याच्या गोदामात न उघडलेल्या गठ्ठ्यावर अपील करायचे कुठे? म्हणूनच ‘डेल’सारखी बलाढ्य संस्था, जिच्याकडे डिस्नेची पात्रे होती, ती संहितेबाहेर राहून आपल्या स्वतःच्या नावावर खपत राहिली, तर बाकीच्यांना मोहोरेवाचून गत्यंतर उरले नाही.

गेन्स यांनी आधी मोहोरेशिवाय नवी मासिके काढून पाहिली. त्यांत एक वैद्यकावर होते, एक चक्क मनोविश्लेषणावर. गठ्ठे परत आले. शेवटी ते संघटनेत दाखल झाले आणि तिथे ज्या प्रसंगाने त्यांचा कॉमिक्सचा अध्याय संपला, तो मुळातून सांगण्यासारखा आहे.

‘इनक्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या तेहतिसाव्या अंकासाठी तयार केलेली एक कथा मर्फी यांच्या कार्यालयाने नाकारली. तिच्या जागी फेल्डस्टाइन यांनी १९५३ मधली, जो ऑर्लँडो यांनी चितारलेली ‘जजमेंट डे’ ही जुनी कथा घातली. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथले नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना वेगळ्या वस्तीत ठेवतात आणि वाहनात मागे बसवतात. आतली यंत्ररचना मात्र दोघांची एकच. तुमचा ग्रह अजून आमच्या संघात येण्यालायक झाला नाही, असे सांगून निरीक्षक परत निघतो. सबंध कथेत त्याचे शिरस्त्राण डोक्यावर असते. शेवटच्या चौकटीत तो ते उतरवतो, आणि आपल्याला दिसतो एक कृष्णवर्णीय पुरुष. त्याच्या काळ्या कातडीवर घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत असतात.

फेल्डस्टाइन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, निरीक्षक कृष्णवर्णीय असता कामा नये, असे मर्फी यांचे म्हणणे पडले. तोच तर कथेचा सारा अर्थ होता. वाद वाढला, गेन्स यांनी प्रसिद्धीची धमकी दिली, तेव्हा मागणी घामाच्या थेंबांवर आली : निदान ते तरी काढा. कुठल्याही धर्माची वा वंशाची टवाळी करू नये, असे कलम त्याच संहितेत होते. गेन्स यांनी थेंबासकट कथा छापली. १९५६ च्या आरंभीचा तो अंक त्यांच्या संस्थेचे शेवटचे कॉमिक ठरला. ‘मॅड’ मात्र १९५५ च्या उन्हाळ्यात मोठ्या आकाराचे, पंचवीस सेंटांचे मासिक होऊन संहितेच्या कक्षेबाहेर गेले आणि पुढची कित्येक दशके त्याने गेन्स यांना श्रीमंत ठेवले.

बाकी कित्येकांच्या नशिबी तसे नव्हते. दोन-तीन वर्षांत अनेक संस्था मिटल्या, शेकडो चित्रकार आणि लेखक जाहिरातीकडे किंवा भलत्याच नोकऱ्यांकडे वळले आणि त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. दूरचित्रवाणीचा फटकाही याच सुमारास बसला, त्यामुळे सगळा दोष एका संहितेवर टाकणे बरोबर होणार नाही. आणि वर्थम? त्यांनीही संहितेला कधी आपले मानले नाही. रक्त पुसून हिंसा तशीच ठेवली, तर मुलांना ठोशाने माणसाला काही होत नाही असेच वाटेल, हा त्यांचा आक्षेप होता.

या वर्षाचे पडसाद समुद्रापार उमटले, ते अधिकच चमत्कारिक होते. २३ सप्टेंबर १९५४ च्या संध्याकाळी ग्लासगोच्या गॉर्बल्स भागातील जुन्या दफनभूमीत शेकडो मुले चाकू, काठ्या घेऊन घुसली. लोखंडी दातांच्या सात फुटी पिशाच्चाने दोन मुलांना खाल्ले आहे आणि त्याला शोधून ठार करायचे आहे, असे ती सांगत होती. मागे लोखंडाच्या कारखान्याच्या भट्ट्यांनी आकाश लाल झालेले होते. एकही मूल हरवलेले नव्हते. वर्तमानपत्रांनी खापर अमेरिकी भयकथांवर फोडले. तसे पिशाच्च असलेले कॉमिक कुणाला दाखवता आले नाही. लोखंडी दातांचा प्राणी मात्र बायबलच्या दानिएलच्या पुस्तकात होता आणि लोखंडी दातांच्या जेनीची एक स्कॉटिश कविताही होती. ब्रिटनमध्ये शिक्षकांची संघटना, चर्च आणि कम्युनिस्ट पक्ष हे तिघेही या कॉमिक्सच्या विरोधात आधीच उभे राहिले होते. तिथे १९५५ मध्ये खरोखरच कायदा झाला.

आणि त्याच्या पाठोपाठ आपल्याकडे. भारतीय संसदेने १९५६ मध्ये ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट’ संमत केला. त्यातली गुन्हे, हिंसा वा क्रौर्य आणि किळसवाण्या वा भयंकर घटना ही त्रिसूत्री ब्रिटिश कायद्यातलीच आहे. फरक असा, की ब्रिटिश कायदा प्रामुख्याने चित्रांतून सांगितलेल्या कथांपुरता होता, तर आपल्या कायद्याने चित्रांसह, चित्रांविना किंवा केवळ चित्रांतून सांगितलेल्या, अशा सगळ्याच कथा कवेत घेतल्या आणि ‘यंग पर्सन’ची मर्यादा वीस वर्षांपर्यंत नेली. ज्या देशात स्वतःचा म्हणावा असा कॉमिक्सचा धंदा तेव्हा उभाच राहिला नव्हता, त्या देशाने न्यूयॉर्कच्या एका मुखपृष्ठावरून उठलेल्या वादळासाठी छत्री घेऊन ठेवली होती. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि मराठी मुलांच्या हाती वेताळ (फँटम) आला, तोही मूळचा अमेरिकी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीचा. म्हणजे ज्या घराण्याला १९५४ च्या संहितेचा वाराही लागला नव्हता, त्या घराण्याचा.

संहिता हळूहळू विरत गेली. १९७१ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून अमली पदार्थांच्या धोक्याविषयी लिहिलेली स्पायडरमॅनची कथा मोहोर मिळत नसल्याने मार्व्हलने मोहोरेशिवायच छापली. अंक खपले आणि त्याच वर्षी नियम सैल झाले. पिशाच्चेही परत आली. स्वतंत्र कॉमिक दुकाने निघाली तसा घाऊकवाल्याचा गठ्ठा आणि त्याबरोबर मोहोरेचा धाकही संपला. मार्व्हलने २००१ मध्ये ती सोडली. डीसी आणि आर्ची यांनी २०११ मध्ये.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली वर्थम यांची खासगी कागदपत्रे संशोधकांसाठी खुली झाली होती. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल टिली यांनी त्यांतली मूळ टिपणे पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांच्या घरची, टोळ्यांची आणि आजारांची माहिती पुस्तकात गाळली गेली होती. काही उतारे बदलले होते. बॅटमॅन-रॉबिनविषयीच्या प्रकरणात तर दोन वेगळ्या तरुणांच्या जबान्या एकाच तरुणाच्या म्हणून दिल्या होत्या आणि त्यांना टारझन आणि सब-मरिनर अधिक जवळचे वाटत, हे सांगितलेलेच नव्हते.

मोहोरेचे हक्क २०११ मध्ये ‘कॉमिक बुक लीगल डिफेन्स फंड’ने घेतले. कॉमिक्सवर खटले झाले की प्रकाशक आणि विक्रेत्यांच्या बाजूने लढणारी ती संस्था आहे.